हजारात एक

प्रिय धाकट्या,

"ताई, आकड्यांचा कीस पाडू नकोस," म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. पत्र तरी मधेच ठेवून देता येणार नाही तुला.

शेवटचं सांगते. दुकानात, खून झालेल्या रखवालदाराजवळ बुटाचा ठसा मिळाला. मी प्रयोगशाळेतून लेखी दिलं की असा तळ, असं माप हजार पुरुषांत एकाकडे सापडेल. सरकारी वकील म्हणून तू उठून न्यायाधीशांना काय सांगितलंस? "म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता हजारात एक!" अरे, कावळा काळा असतो म्हणून प्रत्येक काळा पक्षी कावळा ठरतो का? शहरात पाच लाख पुरुष आहेत. त्यांतल्या पाचशेंच्या पायांत तसलेच बूट असणार. आरोपी केलेल्या त्या रंगाऱ्याविरुद्ध दुसरं होतं काय? पोलिसांनी घरोघरी बूट उलटे करून पाहिले, ज्याचा जुळला त्याला उचललं, आणि मग जुळतो हाच पुरावा!

लहानपणी तुझी गणितं मीच सोडवून द्यायचे. आई ओरडायची, "त्याचं त्याला करू दे गं." ऐकायला हवं होतं.

बाबांचा गुडघा बरा आहे. तू जिंकलास त्या बातमीचं कात्रण अजून पाकिटात असतं, आल्यागेल्याला दाखवतात. मी उठून स्वयंपाकघरात जाते.

मागच्या महिन्यात रंगाऱ्याची बायको प्रयोगशाळेत आली होती. रडली नाही, भांडली नाही. "बाई, नवरा सहा वर्षं आत आहे. हजारात एक म्हणजे नेमकं काय हो?" एवढंच विचारलं. मी पाचशेंचा हिशेब सांगितला.  मग ती म्हणाली, "हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं?"

मला माहीत होतं. तू ते वाक्य बोललास तेव्हा मी तुझ्यापासून चार हातांवर बसले होते. तुझा पहिला मोठा खटला, मागे बाबा नवा शर्ट घालून आलेले. मी तोंड उघडलं नाही. तुझ्यावर चिडते खरी, पण तुला निदान कळलं नव्हतं. अपिलासाठी मी रंगाऱ्याच्या वकिलाला प्रतिज्ञापत्र दिलंय. कोर्टाने सोमवारी साक्षीला बोलावलंय. उलटतपासणी तूच घेणार. बहीण म्हणून सांभाळून घेऊ नकोस. "तेव्हा गप्प का बसलात?" हाच पहिला प्रश्न विचार. बाबा समोर असले तरी खरं तेच सांगेन.

तुझीच, अजूनही वैतागलेली,
ताई