मामा कापले गेले त्याची हकिकत

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायला हात धजावत नाही, कारण आज आईच्या पंचाहत्तरीचं पुस्तक छापून आलं आणि त्यात तुम्ही नाही. म्हणजे तुमचा हात आहे, आईच्या खांद्यावर. बाकीचे तुम्ही कापले गेलात.

मामा, शपथेवर सांगतो, यात कुणाचा डाव नाही. तुम्हा भावाबहिणीचा अबोला आत्ता कुठे सुटलाय, तेव्हा तुमचा दोघांचा फोटो पानभर, अगदी काठोकाठ छापायचा, हा माझाच हट्ट. संगणकावर सगळ्यांत बाहेरची चौकट दिसली, तीच पानाची कड समजून मी फोटो तिथवर ताणला. तुम्ही (नेहमीप्रमाणे कडेला उभे) पार टोकाला गेलात. मध्ये एक लाल रेघ होती, ती नेमकी तुमच्या दंडावरून जात होती. वडीलधाऱ्या माणसाच्या अंगावर रेघ बरी दिसेना, म्हणून मी ती आदरपूर्वक पुसली.

ती सुरीची रेघ होती. छापखान्याच्या बाईंनी मला समजावलं (आधीही समजावलं होतं म्हणे, तेव्हा मी नुसतीच मान डोलावली असणार) की बाहेरची चौकट कागदाची, तिच्या आत रंग मुद्दाम सांडू द्यायची हद्द, आणि तिच्याही आत कापायची. सुरी केसभर सरकली तरी पांढरी कड दिसू नये, म्हणून रंग बाहेर सांडायचा. रंग, मामा नव्हे. मी म्हटलं, पण रेघ तर मी पुसली होती. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "रेघ पुसली म्हणून हद्द पुसली जात नाही हो. ती फाइलीत वेगळी नोंदलेली असते."

पुस्तक मी कपाटात चादरींखाली दडवलंय. आईला वाटेल तुम्हीच स्वतःला काढायला लावलंत, तुम्हाला वाटेल तिनं कापायला सांगितलं, आणि पुन्हा दोघं तोंडं फिरवून बसाल.

आपला,
भाचा

ता. क. रविवारी याच. तोच निळा सदरा घालून या, आईला काही कळू न देता तसाच फोटो पुन्हा काढू. फक्त या खेपेला कृपा करून कडेला उभे राहू नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात आई चादर काढायला गेली. पुस्तक तिच्या हाती लागलं. तिनं त्या पानावर बराच वेळ बोट ठेवलं, मग म्हणाली, "दादाचा हात ना हा? किती वर्षांनी ठेवला त्यानं खांद्यावर. नेमका तेवढा राहिलाय बघ." पान बदलू देत नाही म्हणते. तुम्ही मात्र याच. सदरा कुठलाही चालेल, हात तेवढा घेऊन या.