खर्जाची तार

दि. ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा खोकला कसा आहे? आईनं दटावल्याशिवाय औषध घेत नसाल, माहीत आहे.

काल दुपारी आमच्या सभागृहात जॅझ पियानोचा कार्यक्रम झाला. बाई तुमच्याच वयाच्या. सोबतीला ड्रम नाही, काही नाही, एकट्या. डावा हात फेरफटका मारायला निघाल्यासारखा निवांत, आणि उजवा असा धावत होता की आमचा दरवान मागे आणखी कुणी बसलंय का ते वाकून बघून आला.

आणि मग, बाबा, मी सकाळी सुरात लावलेल्या पियानोची खर्जातली तार तुटली. त्या सुराला एकच तार, त्यामुळे पट्टी दाबली की नुसतं ठक्. बाईंनी मान जराशी तिरकी केली, तीच पट्टी पुन्हा दाबली, आणि त्या ठक् आवाजावर ठेका धरला! वीस मिनिटं त्या मेल्या पट्टीभोवती असं काही रचत गेल्या की लोकांना वाटलं, हे ठरवूनच चाललंय.

खरं सांगते, त्या तारेवरचा गंज मला सकाळीच दिसला होता. उद्या बदलू म्हणून सोडून दिलं. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुमची माया आहेच; राग आला तरी ती आटू देऊ नका.

तुमची,
भिंगरी


दि. ८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

खोकला बरा आहे. तुझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. गंज दिसला की तार बदलायची, हे तुला बाराव्या वर्षी शिकवलंय. व्यवस्थापकांना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत स्वतः जाऊन सांग. काम गेलं तर गेलं.

बाकी त्या हातांचं वर्णन मला पटलेलं नाही. राईचा पर्वत करायची तुला लहानपणापासून खोड. जॅझ म्हणजे मनाला येईल तसं बडवणं, हे माझं मत तू जाणतेस. पण मेल्या पट्टीवर वीस मिनिटं? आई म्हणते, मी तुझं पत्र चार वेळा वाचलं. तीनच वेळा.

काय झालं ते लगेच कळव. आम्ही दोघं तुझ्या पाठीशी आहोत, रागासकट.

तुझा,
बाबा


दि. १५ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

सांगितलं. व्यवस्थापक तडकले, दुसरं माणूस बघतो म्हणाले. मग बाईंकडे जाऊन त्यांचीही माफी मागितली. त्या आधी खो खो हसल्या; मग म्हणाल्या की चूक ती चूकच, पण कबूल करणारं माणूस हाताशी असलेलं बरं. येत्या तेवीसला, रविवारी दुपारी, त्या पुन्हा वाजवणार आहेत आणि पियानो मीच लावायचा असं त्यांनी व्यवस्थापकांना बजावलंय.

खर्जाच्या सगळ्या तारा नव्या घालतेय. तुम्ही दोघं याच. डावीकडच्या, बोटं दिसतील अशा जागा धरल्यात.

वाट बघतेय. आशीर्वाद येताना घेऊन या.

तुमची,
भिंगरी


दि. २५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. निघताना तुझ्याशी धड बोललो नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. डोक्यात अजून ते वाजवणंच चाललं होतं.

पहिली दहा मिनिटं मी बोटं मोजत होतो. मग नाद सोडला. बाईंनी एक साधी, पोरंबाळं गुणगुणतात तसली चाल घेतली, मी पियानो उघडून सुटा करायचो तशी सुटी केली, आणि जोडली तेव्हा भलतंच काही उभं राहिलं! तुकडा न् तुकडा मात्र ओळखीचा. बडवणं म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो.

शेवटी त्या इतकं संथ वाजवत होत्या की एकेक सूर विरेपर्यंत थांबत. तू लावलेला खर्ज सरळ, जराही न डगमगता विरत गेला. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले तरी मी बसूनच. आईनं कोपरानं ढोसलं, तेव्हा कळलं की संपलंय.

भिंगरे, चाळीस वर्षं मी पियानो लावले. काम झालं की पिशवी उचलून चालू लागायचो. ऐकायला म्हणून एकदाही थांबलो नाही. आपण हे कशासाठी करतो, ते परवा कळलं. तू थांबत जा.

आशीर्वाद तर आहेतच. या खेपेला थोडा आदरही घे.

तुझा,
बाबा