आत्याच्या नावाचं जनावर

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या एकुलत्या एका भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात ब्रश होता, तो खाली ठेवला.) गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? आमच्या संग्रहालयाच्या जिन्याला मोजून बावन्न पायऱ्या आहेत. रविवारी तू गल्लीतल्या अकरा जणींना घेऊन इथे येणार असं कळलं आणि तुझ्या गुडघ्याची काळजी मला एकदम जास्तच वाटू लागली.

तर ते जनावर. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, म्हणून ट्रायासिक काळातल्या, म्हणजे बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीच्या, त्या उभयचराला तुझं नाव द्यायचं मी कबूल केलं होतं. काय ते जनावर! नात्याने बेडकाच्या घराण्यातलं, पण अंगापिंडाने मगर. हातभर कवटी, चपटं डोकं, डोळे थेट टाळूवर, आणि जबडा असा की आमचे साहेबही त्याच्यासमोर आवाज चढवत नाहीत. तू ही बातमी गल्लीभर केलीस, ते ठीक. पण त्याचा फोटो आतोबांच्या फोटोशेजारी लावलास म्हणे! तो तूर्त उतरवून ठेव.

झालं ते असं. दगड धुताना परातीत एका वेळी एकच दगड घ्यायचा, असा आमच्याकडे नियम आहे. प्रत्येक दगडावर डिंकाने नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते आणि पाणी लागलं की ती सुटते. त्या दिवशी माझ्या हातून दोन दगड एकत्र पडले. एकात ही कवटी आणि दुसऱ्यात एक नखाएवढा शिंपला, ज्याला साहेबांचं नाव द्यायचं ठरलं होतं. चिठ्ठ्या सुटल्या, मी त्या भाबडेपणाने परत चिकटवल्या. शोधनिबंध छापून आला तेव्हा कवटीला साहेबांचं नाव आणि शिंपल्याला तुझं. या शास्त्राचा कायदाही असा खडूस की एकदा रीतसर छापलेलं नाव नुसती लाज वाटते म्हणून बदलता येत नाही. मी हातापाया पडलो. (कुणाच्या, ते विचारू नकोस.) साहेब म्हणाले, "जाऊ दे रे, झालं ते झालं," आणि मला स्वतःहून चहा दिला.

शिंपला तसा देखणा आहे. त्यावर केसाएवढ्या बारीक रेघा आहेत, मोजल्या तर एकोणचाळीस भरतात. येताना चष्मा आण, भिंग मी देईन.

खाली मान घातलेला,
तुझा भाचा

ता. क. : हातभर कवटी आणि नखाएवढा शिंपला यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल डोळे मिटूनही होत नाही, हे तू केव्हाच ओळखलं असशील. साहेबांनी कवटीकडे दोनदा बघून "झकास आहे हं" म्हटलं, आणि माझी नोकरी कायम करायचा कागद त्यांच्या टेबलावर सहीवाचून पडून होता. नावं मीच फिरवली. कायम झालो, पण तुझी फार लाज वाटते गं.

आणखी एक : रविवारी जरूर ये. फक्त साहेबांसमोर "माझं जनावर कुठंय?" असं विचारू नकोस. एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

शेवटचं : पाकीट चिकटवणार तोच टपाल आलं. ती कवटी चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणीतरी नाव देऊन ठेवलेल्या जनावराची निघाली. असं झालं की आधीचं नाव खरं, नंतरचं बाद. साहेब दार लावून बसलेत. शिंपला मात्र अगदी नवा, आणि तो खडकाच्या त्या एकाच थरात सगळीकडे सापडतो, दुसऱ्या कुठल्या थरात नाही. म्हणजे यापुढे तो थर ओळखायचा तर जगातल्या कुणालाही तुझं नाव घ्यावं लागणार. आता पहिला ता. क. खोडून टाकावा असं फार मनात आलं. खोडला नाही. रविवारी मला झापायचं असेल तर मी शिंपल्यापाशीच उभा असेन.