चटणीवाल्यानं गोड बोलू नये

ती. दाक्षायणीअक्कास,

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून धाकट्या गुरुशांतचा शरणु शरणार्थी. तुझी कंबर आता कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? दुधनीत यंदा तुरीला काय भाव चाललाय तेही कळव. (नाही कळवलंस तरी चालेल, माझं सध्या तुरीत लक्ष नाही.) आमच्याकडे सगळे आनंदात आहेत. हे वाक्य मी मनानं लिहिलेलं नाही बरं का, ते आमच्या घरात हल्ली सक्तीचं झालंय. तुला फोनच करणार होतो, पण तुझा भाचा अमरेश कान देऊन बसलेला असतो, आणि त्याच्या देखत खरं बोलायची चोरी. म्हणून गिऱ्हाईक नसताना दुकानात शेंगाचटणीच्या डब्यावर कागद ठेवून लिहितोय. तेलाचे डाग पडलेत, ते सांभाळून घे.

महेश्वरीच्या पित्ताशयात खडे निघालेत हे तुला ठाऊक आहेच. येत्या सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे, दुर्बिणीतून करतात, काही चिंता नको. किरकोळ त्यांना असेल. पोट माझ्या बायकोचं आहे की! तारीख ठरल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही आणि घास गिळवत नाही. आणि हे कुणाला सांगावं म्हटलं तर सोय नाही, कारण आमचे चिरंजीव सकारात्मक मानसिकतेचं शिबिर करून आलेत. तिथं एक कोटवाला होता म्हणे. (सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगात कोट घालून उभा राहणारा माणूस लोकांना विचार कसा करावा हे शिकवतो, आणि लोक ऐकतात!) त्यानं सांगितलं, विचार बदला, सुख आणि यश आपोआप मागं येतं. झालं. घरात कायदा लागू झाला. आईसमोर भीतीचं बोलायचं नाही, तक्रार करायची नाही, कपाळाला आठी घालायची नाही. सकाळी उठून मी आरशासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी आनंदी आहे, मी शांत आहे, मी यशस्वी आहे. शांत! वडिलांनी नाव ठेवताना माझ्या वाट्याची सगळी शांती त्या नावातच घालून टाकली हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? वर मनगटात रबरबँड. वाईट विचार आला की ताणून सोडायचा. चटणीच्या पुड्यांना लावायचे आपलेच रबर, आणि तेच मला. दोन दिवसांत मनगट टोमॅटोसारखं लाल झालं.

मला राग कशाचा येतो सांगू का? आपल्या आईला हे येत नव्हतं का? घराबाहेर पडताना ती कधी ‘जाते’ म्हणाली नाही, ‘येते’ म्हणाली. बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणाली. चांगलं बोलावं हे तिनं आपल्याला फुकटात शिकवलं, कोट न घालता. पण तीच आई तू टायफॉइडनं पडलीस तेव्हा शेजारणीच्या गळ्यात पडून मोकळी रडली होती, आणि मग पदरानं डोळे पुसून तुझ्यासाठी पेज करायला उठली होती. तिला कुणी रबरबँड लावला नव्हता.

बरं, घरापुरतं होतं तोवर मी सोसलं. पण अमरेश म्हणाला, दुकानातही तसंच वागायचं, सवय मोडता कामा नये. अक्का, तुला माझं दुकान माहीत आहे. चटणी तिखट आहे का म्हणून कुणी विचारलं तर मी म्हणतो, चटणी आहे, पेढा नाही. घ्यायची तर घ्या. आणि लोक घेतात! ज्याचा माल चांगला त्याला गोड बोलायची गरज काय, असा या पेठेचा हिशोब आहे. तो मी मोडला. एका माणसाला ‘छान प्रश्न विचारलात’ म्हटलं, तर तो पुडी नाकाला लावून वास घेत बसला. शेंगा खवट लागल्या असणार, त्याशिवाय हा असं बोलेल का, असं बाहेर उभ्या बायकोला म्हणाला. मला ऐकू येईल असं म्हणाला. मी रबर ओढला आणि हसलो.

मग सोनाबाई आली. (केम गावची, इथं लेकाकडं राहते, दर आठवड्याला माझ्याशी भांडून पावशेर चटणी नेते.) तिला मी म्हटलं, सोनाबाई, तुमचा दिवस मंगलमय जावो. तिनं हातातली पुडी खाली ठेवली. “मालक, घरी समदं बरं हाय न्हवं?” म्हणाली. मी म्हटलं, उत्तम आहे, मी आनंदी आहे. तिनं माझ्या लाल मनगटाकडं बघितलं, आणि शेजारच्या कापडवाल्या संगप्पाच्या दुकानात शिरली. थोड्या वेळानं संगप्पा आला, ‘एनायतु?’ म्हणून कानडीत विचारपूस केली, माझा हात हातात घेतला आणि सोडेचना. माणूस अचानक गोड बोलायला लागला की त्याचं काही खरं नाही, असं आपल्याकडं म्हणतातच. संध्याकाळी निम्मी गल्ली आमच्या घरी. कुणी शहाळं आणलं, कुणी बिस्किटं. ज्यांच्याशी मी गटारीवरून भांडलोय तेसुद्धा येऊन बसले. आणि सोनाबाई माझ्यासमोर डोळ्याला पदर लावून म्हणते, असा भांडखोर मानूस पुन्यांदा हुनार न्हाय!

त्यांना कसंबसं वाटेला लावलं. वाटलं, महेश्वरी हसत असेल. स्वयंपाकघरात गेलो तर ती पाटावर भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढरा. म्हणाली, आता तरी खरं सांगा, डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय? एवढ्या संसारात माझ्या आमटीला कधी बरी म्हणाला नाहीत, आणि या आठवड्यात रोज वा म्हणताय. मी आता वाचत नाही असंच मी धरून चाललेय.

अक्का, मी तिला धीर देत होतो, आणि ती माझ्या प्रत्येक गोड शब्दाला आतून मरत होती. मी रबर काढून चुलीमागं फेकला. म्हटलं, आमटी खारट आहे, आठवडाभर खारट आहे, तुझं लक्ष नाही. ऑपरेशन तोंडावर असताना उभ्यानं भाकऱ्या बडवतेस, तुला अक्कल नाही. डॉक्टरांनी काहीही लपवलेलं नाही, किरकोळच म्हणालेत, तरी मला लई भीती वाटते, आणि तुझ्याशिवाय मला कोण सहन करणार? हे सगळं ओरडून म्हटलं. अमरेश धावत आला, बाबा, निगेटिव्ह, असं म्हणायला लागला, तर ती त्याला म्हणाली, गप्प बस, बोलू दे त्यांना. आणि तीच खारट आमटी घेऊन दीड भाकरी खाल्ली तिनं. पोरगा बघत राहिला, मग आईच्या मांडीत डोकं घालून हमसून हमसून रडला. शिबिराला कशापायी गेला होता ते मला तेव्हा कळलं. त्याला मी माफ केलंय. कोटवाल्याला नाही.

दाजींना शरणार्थी सांग.

तुझा,
गुरुशांत

ता. क. रविवारीच ये. सोमवारी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर माझ्याशेजारी बस आणि मला लहानपणासारखी बोलत राहा, शिव्या दिल्यास तरी चालेल. दाजींना मी घाबरलोय असं सांगू नकोस, भावजयीच्या मदतीला जाते म्हण.

ता. क. आणखी एक. आरसा मी काढलेला नाही. अमरेश उठायच्या आत, दाढी करताना, त्याच्यासमोर उभा राहतो. मी आनंदी आहे वगैरे काही म्हणत नाही. महेश्वरी सोमवारी जाऊन येते, एवढंच म्हणतो. बरं वाटतं. हे अमरेशला कळता कामा नये.