पावणेआठला मिटणारी दुर्बीण

ता. ९ सप्टेंबर, मरियामातेच्या जन्मदिवसानंतरचा दिवस

तीर्थस्वरूप बुर्गलताईस, धाकट्या क्रेसेन्झचा नमस्कार.

देव तुला सुखरूप ठेवो. दोन वर्षांतलं हे माझं पहिलं पत्र. ओढा ओलांडला की तुझं दार, पण पाय उचलत नाही. म्हणून टपालानं पाठवते आहे. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

इकडे बरं आहे. तांबडी गाय व्याली. दुसऱ्या कापणीचं गवत कोठारात आलं. तुझी भाची आफ्रा शिकारीची परीक्षा पास झाली, आणि तेवढ्यासाठीच तुझा सल्ला हवा आहे. लग्नाआधी तू नऊ वर्षं कारखान्यात दुर्बिणींच्या काचा घासल्यास. आपल्या घराण्यात काच कळते ती तुलाच.

लिएन्झच्या दुकानदारानं दोन दुर्बिणी दोन दिवस घरी बघायला दिल्या आहेत. दोन्ही आठपट मोठं दाखवणाऱ्या. दहापट मी हातातही घेतली नाही, हात हलला की डोंगर हलतो. पहिली एवढीशी, दुमडली की छातीच्या खिशात जाते, सातशे वीस युरो. दुसरी वितीएवढी, गळ्यात अडकवायची, हजाराच्या वर. मी घड्याळ घेऊन सज्जात बसले आणि तुझ्या उताराखालचं झुडूप दोन्हींतून बघितलं. लहान दुर्बिणीत पावणेआठला पान आणि फांदी एक झाली. मोठीत आठपर्यंत वेगळी दिसत होती. हे म्हणाले, "बंदुकीवरच्या नेम धरायच्या नळीतून सव्वाआठपर्यंत दिसतं. मग ही खेळणी कशाला?"

झुडूप कोणतं, ते तुला सांगायला नको.

परीक्षेत आफ्राला पहिलाच प्रश्न आला, गोळीच्या आधी काय? तिनं सांगितलं, हाक. शिकारी ओळख पटवण्याला हाक म्हणतात, तोंडानं नव्हे, डोळ्यांनी. नर का मादी, म्हातारं का कोवळं, अंगावर पिणारं पिल्लू आहे का, हे दुर्बिणीतून ओळखल्याशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही. पैकीच्या पैकी गुण मिळाले.

परवा दुपारी मी कपडे घेऊन सज्जात आले, तर ही कठड्यावर बंदूक टेकवून, डोळा नळीला लावून उभी. पलीकडच्या उतारावर कुणीतरी काळ्या कपड्यात गवत पसरत होतं.

"काय गं बघतेस?"

"बुर्गलमावशी आहे का, ते बघतेय. मावशीच आहे. रुमालाची गाठ सुद्धा दिसते."

ताई, नळीतली फुली तुझ्या डोक्यावर होती.

मी तिच्या तोंडात मारली. जन्मात पहिल्यांदा. अंगठी लागून ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून धुतलेल्या चादरीवर पडलं. "रिकामी आहे गं!" ती ओरडली. मी बंदूक हिसकावली, बोल्ट मागे ओढला. काडतूस फळ्यांवर पडलं आणि गडगडत तिच्या पायाशी गेलं. काडतूस ह्यांनी आतच राहू दिलं होतं. तिनं बघितलंच नव्हतं.

ती पांढरी पडली. पण जीभ बापाची. दात लाल झालेले, तशीच म्हणाली, "बाबा असंच बघतात. त्या दिवशी पण असंच बघितलं. दुर्बीण तर चुलीवरच्या खुंटीला होती. तू कोर्टात सांगितलंस ना, गळ्यात होती म्हणून? कुणाचं काय बिघडलं?"

हे आता लिहिलं. पुढचं सोपं आहे असं नाही, पण लिहिते.

त्या ऑक्टोबरात जुन्या दुर्बिणीचा पट्टा तुटला होता. शिवायचा माझ्याकडूनच राहिला. मी म्हटलं, थांबा, दोन टाके घालते. हे म्हणाले, "राहू दे, बंदुकीवर आहे की." रोमेड भावजी तुमची चुकलेली कालवड शोधत झुडपात वाकले होते, तपकिरी कोट घालून. ह्यांना नळीत हरणाची मादी दिसली. गोळी मानेतून गेली. जवळ जायच्या आधी ह्यांनी रिवाजाप्रमाणे शिकारीची हिरवी डहाळी मोडून टोपीत खोवली, ताई. एवढी खात्री. मग वाकून बघितलं. भावजी मेलेले नव्हते. गळ्यातून नुसते बुडबुडे येत होते. ह्यांनी त्यांना पाठीवर घेतलं, पण ओढ्यापाशी पोचेपर्यंत संपलं. ह्यांच्या पाठीवरचा रक्तानं चिकटलेला सदरा सोलून काढावा लागला. टोपीतली डहाळी मी चुलीत घातली. ती कुणालाच माहीत नाही. आता तुला माहीत आहे.

मी बायको. मला गप्प राहायची मुभा होती, न्यायाधीशबाईंनी दोनदा विचारलं. मी गप्पही राहिले नाही. क्रूस, दोन मेणबत्त्या, आणि मी हात वर करून सांगितलं, "दुर्बीण ह्यांच्या गळ्यात मीच घातली." तू पहिल्या बाकावर होतीस. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुला कळलं, हे मलाही कळलं. त्यानंतर मी दर शनिवारी पाद्र्याकडे पापांच्या कबुलीला गेले. दुधात पाणी घातलं ते सांगितलं, सासूला उलट बोलले ते सांगितलं. हे नाही.

परवा हे गोठ्यातून आले, पोरीचा ओठ बघितला आणि माझं मनगट धरून पिळलं. अक्षर वेडंवाकडं आलंय ते त्यामुळे.

"शिकारी पोरीवर हात उचलतेस?"

"तिनं ताईवर नेम धरला होता. बंदूक भरलेली होती."

हे हसले. "मग? ताई पडली का? उभीच आहे ना?" मी हसले नाही, तेव्हा म्हणाले, "दोन वर्षं झाली. कोर्टानं सोडलंय मला."

"कोर्टानं नाही. मी सोडवलंय."

त्यांनी मला कपाटावर ढकललं. बशा फुटल्या, आजीची निळीसुद्धा. आफ्रा मध्ये पडली नाही. दारात उभी राहून ओठ चाटत बघत होती, आणि ताई, मला भीती वाटली ती ह्यांच्या हाताची नाही, तिच्या त्या बघण्याची.

सोमवारी पहिल्या बसनं मी न्यायालयात जाते आहे. पट्टा, खुंटी, डहाळी, सगळं सांगणार. ह्यांची बंदूक जाईल, तुरुंगही होईल. मलाही होईल. गाईंसाठी चुलतभावाला सांगून ठेवलंय. ह्यांना अजून माहीत नाही. माफी मागत नाही, ती माझ्या मागण्याची गोष्ट राहिलेली नाही.

आणि दुर्बीण मी लहानच घेते. तू काचेकडे बघून मोठी म्हणशील, पण मी ठरवलं. ती आधी मिटते. पावणेआठला तिच्यात दिसेनासं झालं की आफ्रानं बंदूक उतरवून घरी यायचं. ह्या घरात पुन्हा कधी बंदूक आली तर. पोरीला मी तसं क्रुसापुढे वदवून घेतलं. तिनं शब्द दिला, पण शब्द कसा द्यायचा हे ती माझ्याकडूनच शिकली आहे.

बोल्टशिवाय बंदूक उडत नाही, तो मी काढून पिठाच्या डब्यात लपवला आहे. तरी हे शोधतील. तेव्हा सोमवारपर्यंत एवढं ऐक. गवत घरामागे पसर. आमच्या बाजूच्या उतारावर येऊ नकोस.

तुझी बहीण, आणि तुझ्या नवऱ्याच्या मरणाच्या खटल्यातली खोटी साक्षीदार,
क्रेसेन्झ