तुटलेला हात परत येतो

मंगळवार, जव्हार

माझ्या वसतिगृहातल्या सुनंदाकडून आज जपानी चित्रकथा काढून घेतली. राक्षस, रक्त आणि तलवार घेतलेली एकटी बाई. नववीतल्या पोरीला यात काय आवडतं, म्हणून विचारलं. "मॅडम, सुरुवातीला तिचा हात तुटलेला आहे. पुढं गेलं का परत येतो."

अगं, ही पुस्तकं उजवीकडून वाचतात. तू शेवटापासून वाचलंस. असं ओठांवर आलं, पण सांगितलं नाही. का, कोण जाणे.

स्वयंपाकघर, हजेरी, तापाची पोरगी. खोलीवर आले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. तरी वाचलं, बरोबर बाजूनं. बाई लढत राहते, थकते, हात जातो. तिला कुणी बस म्हणत नाही.

मग सुनंदासारखं वाचलं. जखमा मिटल्या, हात परत आला. शेवटी ती दगडावर नुसती बसलेली, तलवार अजून उचललेलीच नाही.

उद्या पुस्तक देऊन टाकते. बाजू मात्र सांगणार नाही.