गेल्या वर्षीच्या पदकाची आणि माझ्या इतर मालमत्तेची विल्हेवाट

मी, रोझेर पेल्शा, वय शहात्तर, पूर्वीचा धंदा बुटांच्या कारखान्यात चामडं कापण्याचा, हल्लीचा धंदा स्नोशू, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून पायाखाली बांधायच्या लाकडी चौकटीच्या जाळ्या, बनवण्याचा आणि ते घालून शर्यतीत पळण्याचा, राहणार नदीकाठची गल्ली, व्हॅलकूर फॉल्स, न्यू हॅम्पशायर, हे स्वखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसं म्हणता येणार नाही. त्यातली एक झडप नीट मिटत नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून हा कागद. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. माझ्या मुलीने आणून पाहिला, पण तो मृत्युपत्रासाठी नव्हता, मी पळणं सोडावं यासाठी होता. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं माझ्या बायकोला, आल्देआला, दिलं होतं आणि तीच आधी गेली.

वकीलबाई रॉबिदू यांचं म्हणणं असं की कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहावं, का ते लिहू नये. का ते लिहिलं नाही तर मग लिहायचं कशाला, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुढे सांगा म्हणाल्या.

कलम १. देह. मला आल्देआच्या शेजारी पुरावं. हिवाळ्यात गेलो तर गोठलेली जमीन फुटत नाही, तेव्हा बर्फ वितळेपर्यंत इतरांबरोबर दफनभूमीच्या कोठीत ठेवावं. मला घाई नाही. अंगावर आमच्या स्नोशू क्लबचा लोकरी कोट, कमरेला पट्टा आणि डोक्यावर गोंड्याची टोपी असावी. टाय लावू नये. चर्चच्या तळघरात लोकांना मांसाची पाई आणि उकडून भाजलेले घेवडे द्यावेत, पाई विकतची नसावी. पडद्यावर माझे फोटो एकामागून एक दाखवू नयेत. कोणी भाषणात मला 'प्रेरणा' म्हटलं तर त्याच्या पुढ्यातली पाई काढून घ्यावी. ही सूचना मी गमतीने लिहीत नाही. या शब्दाची मला शिसारी येते. पन्नाशीचा होतो तेव्हा मला कोणी प्रेरणा म्हणत नव्हतं, तेव्हा मी लोकांना हरवत होतो.

कलम २. घर. घर, त्याखालची जागा आणि मागचं लाकडांचं छप्पर माझी एकुलती एक मुलगी गिस्लेन हिला. ती दक्षिणेकडे शहरात विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, लोक कधी मरतील याचा अंदाज बांधणं हेच तिचं काम. तिने गेल्या हिवाळ्यात जे केलं, ते पाचव्या कलमात येईल. त्याचा संताप मला अजून आहे. पण घर वेगळं आणि संताप वेगळा, घर तिचंच आहे. जिन्याची तिसरी पायरी हलते, ती तिने दुरुस्त करून घ्यावी.

कलम ३. हत्यारं. लाकूड वाकवायची वाफेची पेटी, साचे, वाकडा चाकू, सुया, वाळत घातलेल्या अ‍ॅश लाकडाच्या पट्ट्या आणि भिजवायच्या कातडी वाद्या क्लबला. अट अशी की हत्यारं कामात राहावीत. कोणी चौकट वाकवायला शिकत असेल तर त्याच्या हातात द्यावीत, मोडली तरी चालतील. पण माझ्या हातची एकही जोडी कोणत्याही हॉटेलात शेकोटीच्या वर फुलीसारखी टांगलेली दिसता कामा नये. डोंगरावरच्या त्या नव्या स्की हॉटेलात माझीच एक जोडी तशी टांगलेली मी पाहिली आहे. खाली बसून माणसं चीज वितळवून खात होती. मी कॉफी अर्धी टाकून उठलो. पायात घालायची वस्तू भिंतीवर लावायची आणि पायात मात्र अ‍ॅल्युमिनियमचे, हिरव्या प्लास्टिकचे सांगाडे घालून फिरायचं, ही कसली आवड ते मला कळत नाही.

कलम ४. बँकेतले पैसे. अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरेल ते गिस्लेनच्या मुलींना. त्यातून क्लबला बिगुलांचा एक संच घेऊन द्यावा. हल्ली आमच्या मिरवणुकीत बिगुल मोबाइलवर वाजतो.

कलम ५. पदक. आता हे नीट लिहितो, कारण याच्यासाठीच मी वकीलबाईंकडे आलो.

गेल्या फेब्रुवारीत क्लबच्या हिवाळी मेळाव्यात सत्तरीपुढच्यांची एक मैलाची शर्यत झाली. त्या शर्यतीत आता आम्ही दोघेच उरलो आहोत, मी आणि नॉर्मंड व्हेय्यो. बाकीचे गुडघ्यांनी तरी गेले किंवा पूर्णच गेले. नॉर्मंड कारखान्यात शिलाई खात्यात होता, मी कापणी खात्यात. इकडचे आणि कॅनडातल्या क्यूबेकचे सगळे मेळावे धरले तर आम्ही एकमेकांविरुद्ध जन्मभर पळालो आहोत. जास्त वेळा तोच जिंकला आहे. त्याने मला कधी काही सोडलं नाही. एकदा अंगात ताप असताना मी पळालो, त्याला ते ठाऊक होतं, तरी त्याने मला धूळ चारली आणि वर्षभर गावभर सांगत फिरला. असा माणूस मला आवडतो.

गेल्या वर्षी नदीच्या वळणापर्यंत तो पुढे होता. मग झाडांच्या अलीकडे तो एकदम बाजूच्या बर्फात उतरला, वाकला आणि पायातली गाठ बांधू लागला. मी पुढे निघून गेलो आणि जिंकलो. घटकाभर मला खरंच वाटलं की मी जिंकलो.

आम्ही जुने लोक स्नोशू पायाला चामड्याच्या पट्ट्याने बांधत नाही, कंदिलाच्या वातीने बांधतो. चामडं ओलं झालं की सैल पडतं, वात ओली झाली की गाठ आणखी घट्ट बसते. नॉर्मंडने विशीपासून ही गाठ बांधली आहे. आमच्यात त्याच्याइतकी पक्की गाठ कोणाची नाही, शर्यत संपल्यावर ती दातांनी सोडवावी लागते. ती गाठ सुटली नव्हती, तो नुसताच वाकून बसला होता.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा क्लबचा अध्यक्ष रेझाँ माझ्या गळ्यात पदक घालत होता. रेझाँ चाळिशीचा आहे, मोटारी विकतो आणि माइक हातात आला की सोडत नाही. तो लोकांना म्हणाला, "टाळ्या वाजवा आपल्या तरुण आजोबांसाठी." टाळ्या वाजल्या. बायका डोळे पुसत होत्या. मग रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्याला हवेत उडवायचं ठरलं. आमच्यात जिंकणाऱ्याला सगळे मिळून घोंगडीवरून असं उडवतात की खाली येताना त्याला देव आठवतो. मला त्यांनी हातभर वर उचललं आणि तान्ह्या बाळासारखं खाली ठेवलं. रेझाँने माझी मान धरली होती, ती हिसकू नये म्हणून.

घरी आल्यावर मी गिस्लेनला विचारलं, नॉर्मंडला काय सांगितलंस. ती सूप गरम करत होती. आधी काही नाही म्हणाली, मग मागे न वळता बोलली.

"पापा, डॉक्टर म्हणाले पुढचा हिवाळा धरून चालू नका. मी नॉर्मंडकाकांना एवढंच म्हटलं, एकदा जिंकू द्या त्यांना. तुम्हाला किती आनंद झाला होता, मी पाहिलं ना."

"झाला होता," मी म्हणालो. "तोच आता गळ्यात अडकलाय."

ती रडली. मी सूप प्यायलो नाही. रडू नको असंही म्हणालो नाही. त्या दिवसापासून आम्ही बोलतो ते गाडीच्या टायरांबद्दल आणि तिच्या मुलींच्या दातांबद्दल.

गिस्लेनने प्रेमापोटी केलं हे मला कळतं. तिला शर्यतीतलं काही कळत नाही, तिला माफ आहे किंवा होईल. पण नॉर्मंडला कळतं. मी जिवंत असताना त्याने मला मेल्यासारखं वागवलं. शहाण्णव साली मी पायाचं बोट मोडलेलं असताना दहा मैल पळालो, तेव्हा त्याने माझी दया केली नाही, ती आताच कुठून आली? दयेने मिळालेल्या वस्तूचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. चर्चमधून वाटलेले कोट आम्ही भावंडांनी पुष्कळ घातले आहेत.

म्हणून: सदर पदक, फितीसह, मी नॉर्मंड व्हेय्यो याला देतो. माझ्या अंत्यविधीला, सगळ्यांसमोर, रेझाँने ते त्याच्या गळ्यात घालावं आणि माइकवर सांगावं की हे पदक याचंच आहे, मयताने ते कधीच जिंकलं नव्हतं. त्याने ते गळ्यात ठेवून पाई खावी.

कलम ६. पुढची शर्यत. मी या फेब्रुवारीत पळणार आहे. डॉक्टर नाही म्हणतात, गिस्लेन नाही म्हणते, रेझाँ म्हणतो मी नुसतं पुढे उभं राहून झेंडा दाखवावा. यातल्या कोणाचंही मी ऐकलेलं नाही. मेल्यावर माझ्या नावाने काय बोलतील ते बोलोत, पण जाण्याआधी मला नॉर्मंडशी एक खरी शर्यत पाहिजे. हरलो तरी चालेल. हे मी गेल्या रविवारी त्याच्या दारात उभं राहून त्याला सांगितलं. तो जिन्यावरचं बर्फ ओढत होता.

"आणि वाटेत मेलास तर?" तो म्हणाला.

"मेलो तर जिंकलो नसेन एवढं बघ."

त्याने फावडं बर्फात रोवलं. म्हणाला, "घरी जा रोझेर, थंडी आहे." हे उत्तर नव्हे. त्यामुळे पाचवं कलम आहे तसं ठेवतो.

हे सगळं मला वाचून दाखवलं, बरोबर आहे.

रोझेर पेल्शा
साक्षीदार: इव्हेत लाप्लांत, शेजारीण. क्लोव्हिस मारकू, वकीलबाईंचे कारकून.
व्हॅलकूर फॉल्स, ११ जानेवारी २०१७.

पुरवणी

मी, तोच रोझेर पेल्शा, अजून शुद्धीवर आणि अजून जिवंत, वरील मृत्युपत्रात पुढीलप्रमाणे बदल करतो.

शर्यत काल झाली. बर्फ खोल होतं आणि वरून भुरभुरत होतं. रेझाँला माइकवर जे बोलायचं ते तो बोलला, ते मी इथे लिहीत नाही. वळणापर्यंत मी पुढे होतो. नॉर्मंड माझ्या मागे होता, त्याचा श्वास ऐकू येत होता आणि मला वाटलं की झालं, हा पुन्हा मुद्दाम मागे राहिला, हा मला शेवटपर्यंत असाच नेऊन पोचवणार. मला इतका वीट आला की तिथेच थांबून घरी जावंसं वाटलं.

तेवढ्यात माझा उजवा पाय मागे अडकला आणि मी तोंडावर पडलो. आमच्या स्नोशूला मागे लांब शेपूट असतं. मागच्याने त्यावर पाय दिला की पुढचा आडवा होतो. नियमात हे बसत नाही, तरी निकराच्या शर्यतीत सगळे हे करतात, आणि नॉर्मंडने तेच केलं होतं. मी डोकं वर काढलं तेव्हा तो माझ्या बाजूने धडधडत पुढे जात होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. दोरीपलीकडून लोक ओरडत होते. रेझाँ माइकवर म्हणाला की हे फारच लाजिरवाणं आहे, आजारी माणूस आहे तो. बायकांनी नॉर्मंडला नावं ठेवली. त्याची स्वतःची सून त्याला राक्षस म्हणाली, असं मला नंतर कळलं.

आमच्याकडे पडलेल्याला कोणी हात लावला तर तो बाद होतो. गिस्लेन दोरी ओलांडून माझ्याकडे धावत येत होती, शहरातले बूट घालून, मांडीपर्यंत बर्फात रुतत. माझ्या तोंडात बर्फ होतं, मला बोलता येईना. ती अगदी जवळ आली, हात पुढे केला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. मग तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"उठा की मग," ती म्हणाली. "तो चाललाय पुढे."

मी उठलो. मी दुसरा आलो, म्हणजे शेवटचा. छातीत दुखत होतं आणि मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला आल्देआ गेल्यापासून वाटलं नव्हतं. नॉर्मंड गुडघ्यांवर हात ठेवून खोकत होता. मी त्याला म्हणालो की तू हलकट आहेस. तो म्हणाला, "तुझी पावलं आता आखूड पडतात, लेका. शेपूट आडवं येतं." मग त्याला हवेत उडवलं. घोंगडीचा एक कोपरा मी धरला होता, आणि आम्ही त्याला चांगलं उंच उडवलं.

सबब, कलम ५ रद्द. गेल्या वर्षीचं पदक मी क्लबला परत केलं आहे. पुढे कोणी खरोखर जिंकेल तेव्हा त्याला द्यावं.

कलम २ मध्ये गिस्लेनबद्दल जो संताप लिहिला आहे, तो खोडावा. घर आहे तसं.

वकीलबाई म्हणतात की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, त्याचं मिळणं रद्द होतं. म्हणून स्पष्ट करतो: नॉर्मंड व्हेय्यो याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही, एक वादीसुद्धा नाही. त्याला द्यायचं आता काही राहिलेलं नाही. तेव्हा या कागदावर त्याने सही करायला काही हरकत नाही.

रोझेर पेल्शा
साक्षीदार: क्लोव्हिस मारकू, कारकून.
साक्षीदार: नॉर्मंड व्हेय्यो. रोझेरने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर होता. मी जीव तोडून पळालो, हेही शपथेवर.
व्हॅलकूर फॉल्स, १९ फेब्रुवारी २०१७.